इंग्रजी पुस्तक सापडतं, मराठी सापडत नाही

पत्र थोडक्यात : तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात, की त्यांच्याकडे अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यांतली बहुतेक मराठी. दाखल नोंदवही आणि देवघेव संगणकावर आणायची, त्यासाठी ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचं, असं कार्यकारी मंडळानं ठरवलं. ‘तुम्हाला संगणक येतो’ म्हणून काम यांच्याकडे आलं. त्यात पाच रविवार गेले. आधी कर्मचाऱ्यांचं पान उघडेना, मग पासवर्ड चालेना. तेही कसंबसं जमलं. आता चारशे पुस्तकं भरून झाल्यावर लक्षात आलं की इंग्रजी नावं शोधात येतात, मराठी येतच नाहीत. जिथे पाहावं तिथे वेगळ्याच आवृत्तीची, अर्धीमुर्धी माहिती. त्या विचारतात : ‘ही माझी कुवत नाही असं मंडळाला सांगून मोकळी होऊ का? एक जण वर्षाला पैसे घेऊन करून देतो म्हणतो, त्याला देऊ? की एक्सेलवरच परत जाऊ?’

ताई, नमस्कार.

आधी जिवाला घोर लावणारी गोष्ट मिटवू. तुमची चारशे पुस्तकं कुठेही गेलेली नाहीत. खात्री करायची तर शोधाच्या चौकटीकडे जाऊच नका. देवघेवीत ‘चेक इन’ची चौकट उघडा आणि न सापडणाऱ्या एखाद्या मराठी पुस्तकाचा बारकोड तिथे टाका. पुस्तकाचं नाव समोर येईल. ते देवनागरीत नीट दिसलं, म्हणजे नोंद शाबूत आहे आणि बिघाड फक्त शोधात आहे.

हे असं का होतं, ते तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही ग्रंथपाल आहात. कोहात पुस्तकांच्या नोंदी ‘मारियाडीबी’ या डेटाबेसमध्ये राहतात. शोध मात्र तिथे होत नाही. शोधासाठी ‘झेब्रा’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम स्वतःची सूची बनवून ठेवतो. मारियाडीबी म्हणजे कपाट आणि झेब्रा म्हणजे तालिका कार्डांचा खण. पुस्तक कपाटात आहे, पण त्याचं कार्ड खणात नीट लागलेलं नाही. इंग्रजी पुस्तकं सापडतात, याचा अर्थ खण चालू आहे, कार्डं बनताहेत. फक्त देवनागरी कार्डं कुठे लावायची हे कार्ड लावणाऱ्याला ठाऊक नाही.

झेब्रा अक्षरं दोन पद्धतींनी ओळखतो. नेहमीच्या मांडणीत तो अक्षरांचा एक ठरावीक तक्ता वापरतो. त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘सीएचआर’ असतं, आणि हा तक्ता रोमन लिपीच्या हिशेबानं बनवलेला आहे. दुसरी पद्धत ‘आयसीयू’ची. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, नियमांनी चालते आणि तिला देवनागरी कळते. तुम्हाला पहिलीवरून दुसरीवर जायचं आहे.

त्यासाठी ‘ईटीसी’ फोल्डरात ‘कोहा’, त्यात ‘झेब्राडीबी’, त्यात पुन्हा ‘ईटीसी’ अशा वाटेनं जा. तिथे ‘डिफॉल्ट.आयडीएक्स’ नावाची फाइल आहे. उघडण्याआधी तिची तारीख घातलेली प्रत घरच्या फोल्डरात ठेवा. आत ‘इंडेक्स डब्ल्यू’ हा भाग शब्दांचा आणि ‘इंडेक्स पी’ हा शब्दसमूहांचा. दोन्हींत ‘चारमॅप’नं सुरू होणारी एक ओळ दिसेल आणि तिच्याजवळ ‘आयसीयूचेन’ची ओळ, जिच्यापुढे ‘#’ असेल. चारमॅपच्या ओळीपुढे ‘#’ घाला, आयसीयूचेनच्या ओळीपुढचं काढा. दोन्ही भागांत करा. एकाच भागात केलं तर एका प्रकारचा शोध चालेल, दुसरा चालणार नाही, आणि तुम्ही पुन्हा कोड्यात पडाल.

आता ज्या जागी बहुतेकांचं घोडं अडतं ती जागा. त्याच फोल्डरात ‘वर्ड्स-आयसीयू.एक्सएमएल’ आणि ‘फ्रेजेस-आयसीयू.एक्सएमएल’ या फाइली आहेत. उघडून पाहा. त्यांत ‘एनएफडी, नॉनस्पेसिंग मार्क रिमूव्ह, एनएफसी’ अशा अर्थाचा नियम असेल, तर तो मराठीच्या मुळावर येणारा आहे. फ्रेंच शब्दांतल्या अक्षरांवरच्या खुणा काढून टाकाव्यात, म्हणजे वाचकानं खूण न घालता शोधलं तरी पुस्तक सापडावं, हा त्यामागचा चांगला हेतू. पण युनिकोडमध्ये आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोडं अक्षर करणारं हलन्त चिन्ह हे सगळं याच ‘नॉनस्पेसिंग’ वर्गात मोडतं. काना, वेलांट्या आणि काना-मात्रा मिळून होणारे ओ-औ मात्र त्यात येत नाहीत. परिणाम काय? ‘मूल’, ‘मुलं’ आणि ‘मेल’ या तिन्हींचं सूचीत ‘मल’ होतं, तर ‘माल’, ‘मिल’ आणि ‘मोल’ जसेच्या तसे राहतात. शोध चालतो आहे असं वाटतं, पण एक पुस्तक मागितलं की भलतीच दहा येतात. तो नियम बदलून तिथे नुसतं ‘एनएफसी’ ठेवा. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

फाइली जतन केल्या की झेब्रा बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि मग सगळी सूची नव्यानं बांधायची. नव्यानं बांधणं राहिलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, कारण जुनी कार्डं जुन्याच पद्धतीनं लावलेली असतात. ‘कोहा-रीबिल्ड-झेब्रा’ ही आज्ञा, तिच्यासोबत पूर्ण बांधणीसाठी ‘एफ’ आणि काय चाललंय ते दाखवण्यासाठी ‘व्ही’ हे पर्याय, आणि शेवटी तुमच्या कोहाचं नाव (बसवताना तुम्ही त्याला दिलेलं). चारशे नोंदींना फार वेळ लागणार नाही. याशिवाय कर्मचाऱ्यांच्या पानावर ‘सिस्टम प्रेफरन्सेस’मध्ये ‘आयसीयू’ हा शब्द शोधा. तिथे येणारी सेटिंग चालू करा. तिचं पूर्ण नाव आवृत्तीप्रमाणे वेगळं दिसू शकतं, म्हणून नावावर न जाता त्या शब्दानं शोधा.

तपासायला वीस नावांची यादी आधीच कागदावर काढा. साधं नाव, जोडाक्षराचं, अनुस्वाराचं, उकाराचं, लेखकाचं आडनाव, आणि दोन-तीन इंग्रजी. प्रत्येक बदलानंतर तीच वीस नावं शोधायची. सारखी वेगवेगळी नावं टाकत बसलं की सुधारणा झाली की बिघडलं, हे सांगता येत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. ‘ही माझी कुवत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ते मी मान्य करणार नाही, आणि ही मनधरणी नव्हे. तुम्ही ज्या दोन अडथळ्यांवर आधीचे रविवार घालवले, तेच पाहा.

कोहा बसवताना ‘कोहा-साइट्स.कॉन्फ’ नावाची फाइल भरायला सांगतात : वाचकांचं पान कोणत्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, आणि कर्मचाऱ्यांचं कोणत्या. लोक पहिलं ८० आणि दुसरं ८०८० ठेवतात. पण ८०८० वर आलेली हाक ऐकायला ‘अपाचे’ला, म्हणजे ही पानं ब्राउझरपर्यंत पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला, वेगळं सांगावं लागतं. त्याच्या ‘पोर्ट्स.कॉन्फ’ फाइलीत ‘लिसन ८०८०’ ही ओळ घालून अपाचे पुन्हा सुरू करावा लागतो. ही ओळ कोहाची नाही, अपाचेची आहे, म्हणून कोहाबद्दल लिहिणारा ती गृहीत धरतो, आणि पान काही उघडत नाही. मग माणूस साहजिकच कोहा-साइट्स.कॉन्फमध्ये परत जाऊन पोर्ट बदलतो. काहीच फरक पडत नाही, कारण ती फाइल फक्त नवं कोहा तयार होण्याच्या क्षणी वाचली जाते. ते तयार झालं की तिचं काम संपलं. त्यानंतर पोर्ट बदलायचा तर अपाचेच्या ‘साइट्स-अव्हेलेबल’ फोल्डरातली, तुमच्या कोहाच्या नावाची फाइल बदलावी लागते. हे एक वाक्य ठळक अक्षरांत लिहिलेलं नसल्यामुळे हुशार माणसाचाही दिवस वाया जातो.

पासवर्डचंही तेच. पहिल्यांदा पान उघडल्यावर जे नाव आणि पासवर्ड मागतात, ते तुमच्या संगणकाचेही नाहीत आणि डेटाबेसच्या मुख्य खात्याचेही नाहीत. नाव ‘कोहा’, खालची रेघ आणि तुमच्या कोहाचं नाव असं असतं. पासवर्ड यंत्रानं आपणहून बनवून ‘कोहा-कॉन्फ.एक्सएमएल’मध्ये ठेवलेला असतो. ‘कोहा-पासडब्ल्यूडी’ ही आज्ञा तो दाखवते. ज्याला ठाऊक आहे त्याला दहा सेकंदांचं काम. ज्याला नाही त्यानं कितीही तर्क लढवला तरी हे अंदाजानं सापडणारं नाही. न सांगितलेली गोष्ट ओळखता आली नाही, याला कुवत कमी असणं म्हणत नाहीत.

तुमच्या पत्रात आणखी एक समजूत आहे : कुठेतरी एक नीट, पूर्ण, क्रमवार माहितीपत्रक असणार आणि तुम्हालाच ते मिळत नाहीय. तसं एकच पत्रक नाही. कोहा जन्मलं न्यूझीलंडमध्ये, होरोव्हेनुआ ग्रंथालयांसाठी. जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून हे लिहून घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये ते वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालताहेत, आणि मे व नोव्हेंबर अशा वर्षाला दोन मुख्य आवृत्त्या निघतात. लिहिलेली गोष्ट सहा महिन्यांत थोडी जुनी होते. शिवाय जाडजूड मॅन्युअल आहे ते मुख्यतः रोज काम करणाऱ्या ग्रंथपालासाठी. बसवणाऱ्यासाठीची माहिती दुसरीकडे, मराठी शोधासारख्या गोष्टींची तिसरीकडे. म्हणून माहिती अर्धवट वाटते. खरं तर ती विखुरलेली आहे.

यावर उपाय असा, की यंत्रात आधीपासून आहे ते आधी वाचायचं. कारण ते तुमच्याच आवृत्तीचं असतं. कर्मचाऱ्यांच्या पानावर ‘अबाउट कोहा’ उघडा. पहिल्या भागात आवृत्ती आहे, ती वहीत लिहा. ‘सिस्टम इन्फर्मेशन’ या भागात कोहा स्वतःच्याच मांडणीतल्या चुका सांगतं. हा भाग किती जण उघडतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं, कारण पुष्कळ प्रश्नांची उत्तरं तिथे आयती असतात. दुसरं, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘कोहा’ आणि आडवी रेघ टाइप करून टॅबची कळ दोनदा दाबा. कोहाच्या सगळ्या आज्ञांची यादी येते. कुठल्याही आज्ञेच्या आधी ‘मॅन’ लिहिलं की तिचं माहितीपान उघडतं. तिसरं, फाइलींमध्ये ‘#’नं सुरू होणाऱ्या ओळी वाचा. बनवणाऱ्यानं तुमच्यासाठीच लिहून ठेवलेल्या त्या चिठ्ठ्या आहेत.

आणि चौथं, लॉग, म्हणजे काय घडलं याची यंत्रानं आपणहून ठेवलेली नोंद. ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात ‘कोहा’, त्यात तुमच्या कोहाच्या नावाचा फोल्डर. वाचकांच्या पानावर गडबड असेल तर ‘ओपॅक-एरर’, कर्मचाऱ्यांच्या पानावर असेल तर ‘इंट्रानेट-एरर’, कधी ‘प्लॅक-एरर’, आणि शोधाची असेल तर ‘झेब्रा’ किंवा ‘इंडेक्सर’ नावाच्या फाइली. एका खिडकीत ‘टेल’ आज्ञा ‘एफ’ पर्यायासह चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत चूक पुन्हा घडवा. ज्या क्षणी क्लिक कराल त्या क्षणी नवी ओळ उमटेल. तीच कामाची. जुन्या शेकडो ओळी वाचून घाबरून जाण्यात अर्थ नाही. बाहेरची माहिती शोधायची ती यानंतर, आणि तीही त्या ओळीतले नेमके शब्द घेऊन.

बाहेरचं काही वाचताना वर तारीख किंवा आवृत्ती आहे का ते आधी बघा. कोहाच्या आवृत्तीत पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना सांगतात. आकडा ‘३.’नं सुरू होत असेल तर ते २०१६ पूर्वीचं. बसवण्याच्या पायऱ्या इतक्या जुन्या असतील तर सोडून द्या. पण ‘२४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे लेखक’ अशी ‘मार्क’च्या, म्हणजे ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्याच्या, क्षेत्रांची माहिती कितीही जुनी असली तरी बेधडक वापरा.

एक वही करा, तीही मराठीत. प्रत्येक बदलाला तारीख, फाइलीचं नाव, आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं आणि वीस नावांपैकी किती सापडली. एका वेळी एकच बदल. दीड तासात पुढे सरकलं नाही तर उठा. थकलेल्या डोक्यानं एकदम तीन गोष्टी बदलल्या जातात, आणि मग कशानं बिघडलं हे कुणालाच कळत नाही. ही वही पुढे तुमच्या जागी येणाऱ्या ग्रंथपालालाही लागेल. अपग्रेडच्या वेळी तर नक्कीच : ‘तुम्ही बदललेली फाइल ठेवू की नवी घालू’ असं यंत्र विचारेल तेव्हा घाईनं उत्तर देऊ नका. ‘डी’ दाबून दोन्हींतला फरक पाहा. डिफॉल्ट.आयडीएक्सच्या जागी नवी फाइल घातलीत तर मराठी शोध पुन्हा जाईल.

आता तुमचे तीन पर्याय. एक्सेलवर परत जाण्याची गरज नाही, पण एक्सेल सोडूही नका. अकरा हजार पुस्तकं हातानं कोहात भरणं हा अन्याय आहे. एक्सेलमध्ये दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत असे स्वच्छ रकाने करा, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करा (साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात), ‘मार्कएडिट’ या मोफत प्रोग्रॅमनं त्याच्या मार्क नोंदी बनवा आणि कोहात आयात करा. प्रत्यक्ष प्रतीची माहिती ९५२ या क्षेत्रात जाते : ‘पी’मध्ये बारकोड, ‘ए’ आणि ‘बी’मध्ये शाखेचा संकेत, ‘वाय’मध्ये प्रकार. हे संकेत कोहात तुम्ही केलेल्या संकेतांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. नोंदीच्या लीडरमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ओळीत, शून्यापासून मोजून नवव्या स्थानी ‘ए’ असू द्या. ते रिकामं राहिलं तर नोंद युनिकोडची नाही असा अर्थ होतो आणि मराठीचा चोथा होऊ शकतो. पहिल्यांदा पन्नासच नोंदी आत घ्या, वीस नावांची परीक्षा घ्या, मगच पुढे जा. जुनी यादी श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. पडद्यावर ती मराठी दिसते, पण आत रोमन कळांचीच अक्षरं असतात.

बाहेरच्या माणसाला काम देण्यात कमीपणा काहीच नाही, आणि तुमचे रविवार फुकटचे नाहीत हे मंडळालाही कळायला हवं. फक्त करार करताना या गोष्टी लेखी घ्या : सगळे पासवर्ड वाचनालयाच्या ताब्यात राहतील, काय कसं बसवलं याची मराठीत टिपणं मिळतील, मागाल तेव्हा सगळ्या नोंदी मार्कमध्ये काढून देईल, आणि बॅकअपवरून पूर्ण कोहा दुसऱ्या संगणकावर एकदा तुमच्यासमोर उभं करून दाखवेल. शेवटचा हप्ता वीस मराठी नावं सापडल्यावर. यातल्या एकालाही तो तयार नसेल तर दुसरा माणूस शोधा. कोहा रोज आपणहून बॅकअप घेतं, पण मुळात दोनच दिवसांचे ठेवतं आणि तेही त्याच डिस्कवर. काम कुणीही करो, आठवड्यातून एकदा ते बाहेरच्या डिस्कवर नेणं तुमच्याकडे ठेवा.

सरकारी मदतीच्या वाटेनं जायचं असेल तर एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं, ‘ई-ग्रंथालय’ही आहे. त्यात सर्व्हर सांभाळण्याची चिंता कमी होते, पण आत शिरलेल्या नोंदी बाहेर कशा काढायच्या हे तिथेही आधीच विचारा.

माझं मत विचाराल तर, तुम्ही अवघड टप्पा ओलांडलाय. पान उघडतं, नोंदी शिरतात, इंग्रजी शोध चालतो. राहिलंय ते दोन-तीन फाइलींचं काम आहे. एखाद्या जुन्या संगणकावर किंवा ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्ये (एकाच संगणकात दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) चार जीबी मेमरी देऊन दुसरं कोहा उभं करा, बदल आधी तिथे करा, आणि आणखी दोन रविवार द्या. तेवढ्यात नाही जमलं तर वही त्या बाहेरच्या माणसाच्या हातात द्या. त्याचे तास वाचतील आणि तुमचे पैसेही.

एक राहिलं, आणि हे मराठीपुरतंच आहे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो : खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, झेब्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाचनालयात नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी पहिलीच पद्धत वापरायची, असं आजच ठरवा. भरलेल्या चारशे नोंदींत कादंबऱ्या, वाऱ्या, डोंगरदऱ्या असलेली शीर्षकं एकदा नजरेखालून घाला. चारशेंत हे तासाभराचं काम आहे, अकरा हजारांत महिनाभराचं होईल.